थांबा नसलेली बटणं

३ फेब्रुवारी, सोमवार

अंगठा आज पुन्हा. माऊस धरून पडद्यावरचं बटण ओढायला गेले, निम्म्यात कळ आली, हात सुटला आणि ऑर्गनचा आवाज एकदम टोकाला. शेजारच्या सुलभाताई खिडकीतून, "टीव्ही बिघडला का हो?" म्हटलं, हो. अडुसष्टाव्या वर्षी बाई एकटी बसून संगणकावर संगीत रचते हे सांगण्यापेक्षा बिघडलेला टीव्ही बरा. लाज वाटते. इथे तरी खोटं कशाला लिहू.

तेव्हा ठरलं. बोटांत धरून फिरवता येतील अशी खरी बटणं हवीत. लॅपटॉप आणि त्यातलं हे संगीताचं खूळ मला लावून गेली ती केतकी, धाकट्या बहिणीची मुलगी, पुण्यात असते. फोनवर म्हणाली, "मावशी, मिडी कंट्रोलर घे. नुसता बटणांचा डबा असतो. त्यातून आवाज येत नाही, तो फक्त संगणकाला सांगतो, हे वाढव, ते कमी कर." म्हणजे सुपरवायझर. जमेल मला.

सायं. रफिककडे. बसस्टँडच्या रस्त्यावर त्याचं साऊंडचं दुकान. माझं संगीत आजवर ऐकलेला हा एकच माणूस. मागच्या उन्हाळ्यात स्पीकर जोडायला आला होता, मी बंद करायच्या आत कानावर पडलं. हसला नाही. "म्याडम, तिसऱ्या जागेवर बास लई दाबलाय, जरा उघडा." उघडला. बरोबर होतं.

बटणांचं विचारलं तर व्याख्यान सुरू. दोन प्रकारची असतात, एक असं असतं, दुसरं तसं असतं. मध्येच थांबवलं. एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली आहेत, बटण म्हणजे काय हे मला शिकवायचं कारण नाही. "त्यातलं चांगलं जे असेल ते मागव."

"हौ म्याडम. मग एन्कोडरवालंच मागवतो."

दाराशी खुर्चीत महबूबभाई. रफिकचे वडील, आमच्या एक्सचेंजचे लाइनमन. बोलावं तर आजही "जी बाई" म्हणूनच सुरुवात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आठ बटणांचं की सोळा? रफिक मोबाइलवर चित्रं आणि मापं पाठवतो, चित्रात सगळी सारखीच. शेवटी बुटाच्या खोक्याच्या झाकणावर औषधाच्या बाटल्यांची सोळा बुचं चिकटवली. चार ओळी, एकेका ओळीत चार. दुसऱ्या झाकणावर आठ. डोळे मिटून फिरवून पाहिली. आठवाल्याची बटणं इतकी जवळजवळ की अंगठा शेजारच्याला धक्का देतो. सोळावाल्यात बोट मावतं. सरकपट्ट्यांचं मॉडेल बाद; सरकवणं म्हणजे पुन्हा तेच ओढणं. फिरवताना टक्‌टक् लागणारं हवं, गुळगुळीत नको. हात थरथरला तर निदान एका टक्‌वर थांबेल. आणि प्रत्येक बटणाभोवती दिव्यांचं कडं, चष्मा नसताना दिसणारं.

झाकण पिशवीत घालून रफिकला दाखवायला नेलं. दुसरा कोणी असता तर हसला असता. याने टेप काढून दोन बुचांमधलं अंतर मोजलं आणि वहीत लिहिलं. "म्याडम, मुंबईचा डीलर विचारायलाय, कोण आहे हे गिऱ्हाईक?"

महबूबभाई दारातून, "त्याला सांग, एक पीन वाकडी निघाली तर अख्खा बोर्ड परत पाठवायच्या बाई."

खरं आहे. बरं वाटलं ऐकून.

१५ फेब्रुवारी, शनिवार

डबा आला. रफिक परंड्याला, लग्नाच्या साऊंडवर. फोनवर म्हणाला, "आला आहे म्याडम, पण घेऊन जाऊ नका. उद्या दुपारी घरी येऊन जोडून देतो." कशाला थांबायचं? महबूबभाईंकडून मागून घेतला. द्यावा की नको असं त्यांना झालं होतं. दिला.

घरी येऊन उघडला. वरची चिकटपट्टी आधीच कापून पुन्हा लावलेली. इथेच शंका आली. पहिलं बटण फिरवलं. फिरलं. टक्‌टक् करत फिरतच राहिलं. कुठे अडेच ना. दुसरं, तिसरं. सोळाच्या सोळा, गरगर.

एक्सचेंजच्या ट्रंक बोर्डावर आवाजाचं बटण असं मोकळं फिरायला लागलं की आतली दांडी निसटलेली असायची. महिन्यातून एखादं निघायचं. एकाच डब्यात सोळा? कुणीतरी वापरून झिजवून टाकलेला माल आहे. आणि तो मला.

दुपारची झोप गेली.

१६ फेब्रुवारी, रविवार

दहाला दुकानात. रफिक पहाटे परंड्याहून आलेला, डोळे लाल. माकणीचे दोघे लग्नाचा साऊंड ठरवायला बसले होते. म्हटलं, बरंच झालं, साक्षीला माणसं. डबा काउंटरवर ठेवला आणि सगळ्यांना बटणं फिरवून दाखवली.

"हे भंगार कुठून उचललंस?"

"म्याडम, एकदा जोडून बघू. लाइट लागली की तुम्हाला…"

"लाइट कसली लावतोस! दांड्या तुटल्यात हे आंधळ्यालाही कळेल. सील फोडलेलं. बापाने पोलवर चढून नाव कमावलं, ते तू काउंटरवर बसून विकायला काढलंस?"

जाता जाता आणखी थोडं बोलले. ते लिहिण्यासारखं नाही.

महबूबभाई म्हणाले, "रफिक, डब्बा परत घे. बाईंची माफी माग." त्याने मागितली. "चुकलं म्याडम." एवढंच. वाद घालायला तोंड नव्हतं, दुसरं काय.

घरी येऊन व्यवस्थित जेवले. कुणीतरी बोलायला हवंच होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

केतकीचा व्हिडिओ कॉल. तिला सगळं साभिनय सांगितलं. बटणं कशी गरगरली, माकणीवाले कसे बघत राहिले. हसेल म्हणून थांबले. ती हसेना. मला वाटलं चित्र अडकलं.

"मावशी, एन्कोडर तसेच असतात गं. त्यांना शेवट नसतोच."

मी म्हटलं, शेवट नसलेलं बटण कशाला कोण बनवेल?

"साधं बटण असतं ना, ते तू फिरवून ठेवशील तिथेच राहतं. ऑर्गनसाठी वर नेलंस, मग व्हायोलिनवर गेलीस, व्हायोलिन खाली आहे पण बटण वरच. हात लावलास की आवाज उडी मारतो. एन्कोडरला स्वतःची अशी जागा नसते. तो फक्त सांगतो, एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे. जागा ते दिवे दाखवतात. म्हणून तर जोडल्याशिवाय कळत नाही."

"आणि फोडलेलं सील?"

"तपासून घेतलं असेल त्याने. तुझ्या लॅपटॉपसाठी लावून ठेवलं असेल. कोण करतं गं एवढं?"

रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती.

३ तारखेचं पान काढून वाचलं. दोन प्रकारची असतात, एक असं, दुसरं तसं. माझ्याच अक्षरात. सांगत होता तो. मी थांबवलं, आणि थांबवलं हेही मीच लिहून ठेवलंय. ऐटीत.

कानशिलं गरम झाली आहेत. घरात कोणी नाही, तरी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. मिरवणूक संध्याकाळी आमच्या गल्लीतून. ट्रॉलीवर स्पीकरांची भिंत, मागे मिक्सरपाशी रफिक. तीन वर्षांपूर्वी कानठळ्यांवरून त्याला झापलं होतं. तेव्हापासून माझ्या फाटकापाशी तो आवाज उतरवतो. म्हटलं, आज नाही उतरवणार. उतरवू नये. आज त्याने खिडक्यांची तावदानं हलवली असती तरी मी गप्प बसले असते.

पडद्याआड उभी राहिले. ट्रॉली फाटकाशी आली आणि आवाज खाली आला. नेहमीइतकाच. पोरं ओरडली, "ओ रफिकभाई, काय झालं? वाढवा की!" त्याने कोपऱ्यावरची पिठाची गिरणी ओलांडेपर्यंत हात हलवला नाही. घराकडे पाहिलंही नाही.

पडदा मुठीत धरला होता तो चुरगळून गेला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले नाही. काल डोकं दुखत होतं, आज गॅसचं सिलिंडर यायचं होतं. सिलिंडर अकराला आलं.

भाजीवाली शांताबाई दारात. "म्याडम, त्या साऊंडवाल्याला बरं पकडलाव म्हणं तुमी. जुना माल नवा म्हणून खपवायलाय म्हणं."

मी मेथी बघत होते. "हं," म्हटलं.

हं! ना होकार ना नकार. खोटं बोलले नाही, याची काळजी घेतली मी. शाळेत असल्या उत्तरावर हात पुढे करायला लागायचा. शांताबाईने कौतुकाने एक जुडी वर टाकली आणि मी ती घेतली.

दुपारी केतकीला फोन. म्हटलं, तूच परस्पर एक मागव, शेवट असलेल्या बटणांचं.

"पण ते तुझ्या उपयोगाचं नाही मावशी. आवाज उड्या मारणार."

"मारू दे."

कशाला हवं ते तिला सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर टेबलावर दाखवायला, की हे बघा, खरं बटण असं असतं. म्हणजे गावात माझा शब्द राहावा म्हणून मी चुकीचं यंत्र घरात आणणार होते. बुचं चिकटवून निवड केली ती याचसाठी का? तासाभराने पुन्हा फोन करून नको म्हटलं. ती म्हणाली, "बरं." विचारलं काही नाही. मुलगी हुशार आहे, तेच वाईट.

मेथी केली नाही. तशीच पडली आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सुलभाताईंचं माहेर माकणी. आज म्हणाल्या, ते लग्नवाले त्या दिवशी काही न ठरवता दुकानातून उठले आणि साऊंड लोहाऱ्याहून घेतला म्हणे, रफिकवरचा भरवसा उडाला त्यांचा.

ऐकून वाईट वाटलं, आणि लगेच, लिहायला बरं वाटत नाही, पण जरा हायसंही वाटलं. कारण हे दुरुस्त करता येण्यासारखं आहे. जायचं, खरं सांगायचं, काम रफिकला परत मिळवून द्यायचं. म्हणजे फिटंफाट.

सोलापूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर अॅग्नेस माफी कुजबुजून मागू द्यायच्या नाहीत. ज्या आवाजात चूक केली त्याच आवाजात, वर्गापुढे. एक्सचेंजमध्ये मी हाच नियम चालवला. किती ऑपरेटर मुलींना उभं केलं सगळ्यांपुढे. स्वतःवर वेळ आली नव्हती. म्हणजे आली असेल, मी ती येऊ दिली नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

माकणीला जाऊन आले. एसटीने. नवरीचे वडील बळीराम, त्या दिवशी दुकानात होते त्यातले थोरले. अंगणात हळदीचे डबे, बायका बसलेल्या. मी उभ्यानेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. डबा नवा होता. चूक माझी. रफिकच्या मालात काही खोट नाही, साऊंड त्याचाच घ्या.

"बसा की आधी," बळीराम म्हणाले. "साऊंड त्याचाच हाय. लोहाऱ्याचं कुणी घातलं तुमच्या कानावर?"

"मग त्या दिवशी उठून का गेलात?"

ते बायकोकडे बघायला लागले. ती म्हणाली, "सांगा की. इतक्या लांबून आल्यात."

"बटणासाठी न्हाय उठलाव बाई आमी. तुमी पायरी उतरताना म्हणलाव ना, 'शेवटी तुम्ही लोक ते तुम्ही लोकच.' तुमी गेलाव अन् म्हातारा भितीकडं तोंड करून रडाय लागला. लेकरावानी. पोरगं नुसतं उभं. आमाला बसवंना तिथं."

पाणी दिलं, प्यायले. गूळ दिला, तो हातात राहिला. एसटीत बसल्यावर मुठीत चिकट लागला.

आता लिहिलं. १६ तारखेला टाळलं होतं, "लिहिण्यासारखं नाही" म्हणून. नव्हतंच.

काम परत मिळवून द्यायला गेले होते. काम गेलंच नव्हतं.

महबूबभाईंना "तुम्ही लोक". पावसात खांबावर चढलेला माणूस. बोर्डावर बसून मी खालून "झालं का, झालं का" करत राहायची आणि वरून "जी बाई, आत्ता". एकतीस वर्षं.

रागाच्या भरात निघालं, असं लिहिणार होते. लिहिलं आणि खोडलं. रागात मी इंग्रजीत बोलते, सगळ्या एक्सचेंजला ठाऊक आहे. हे मराठीत निघालं. अडखळले नाही, शब्द शोधला नाही. तयारच होतं.

२ मार्च, रविवार

रमजान सुरू. रफिकच्या दुकानाला सकाळी कुलूप. बाहेरून बघून आले. आत जायचं नव्हतं म्हणूनच सकाळी गेले असेन.

घरी आरशापुढे सराव. इंग्रजीत चटकन येतं, सॉरी म्हटलं की सुटलं. मराठीत म्हणायला गेलं की प्रत्येक शब्दाला वजन. "मी तुम्हाला जे बोलले…" इथपर्यंत जमतं. पुढे ते पुन्हा म्हणावं लागतं, आणि ते म्हणताना आरशातला चेहरा बघवत नाही.

लॅपटॉप पंधरा दिवस उघडलेला नाही.

४ मार्च, मंगळवार

गेले.

साडेचार. दुकानात दोन गिऱ्हाइकं, एकजण माइकची वायर बघत होता. रफिक आत वायरीला डाग देत बसलेला, डोकं वर केलं, "या म्याडम," पुन्हा खाली. महबूबभाई दाराशी. ओठ कोरडे.

"रोजा आहे ना तुम्हाला?"

"हौ. तुम्हाला न्हाय ना. बसा बाई." आणि शेजारच्या टपरीला हाक, "एक चा पाठव रे, साखर कमी. बाईंना."

साखर कमी, हे लक्षात आहे त्यांच्या. चहा आला. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेल्या माणसासमोर मी हातात कप घेऊन बसले. ठेवला तर अपमान, प्यावा तर त्यांच्या कोरड्या ओठांपुढे.

उठून उभी राहिले आणि म्हणाले. त्याच आवाजात. "महबूबभाई, मी चुकले. डबा नवा होता. बटणं तशीच असतात, मला ठाऊक नव्हतं. रफिक सांगत होता, मी ऐकून घेतलं नाही."

वायरवाला वळून बघायला लागला. टपरीवरचे दोघेही.

महबूबभाई घाबरेघुबरे. हात खाली-खाली करत, "बाई, हळू. हळू बोला. लोक ऐकतेत."

माझी अब्रू जाईल म्हणून! माझी.

"ऐकू दे," म्हटलं. "आणि त्या दिवशी जाताना मी तुम्हाला जे बोलले…"

थांबले. ते माझ्याकडे बघत नव्हते, कपाकडे बघत होते. मी पुढे म्हणेन याची त्यांना भीती वाटत होती का? की म्हणणार नाही याची? चेहऱ्यावरून कळेना. चाळीस वर्षांत कधी नीट बघितलेला नाही तो चेहरा, आज एकदम कसा कळेल.

"चा गार व्हायलाय, बाई."

मी बसले. चहा प्यायले. सगळा.

रफिक हात पुसत बाहेर आला. "डब्बा परत गेला म्याडम, मुंबईला."

"पुन्हा मागव. तोच. सोळावाला, टक्‌टक् लागणारा."

एरवी "हौ म्याडम" म्हणून वही उघडतो. वही काउंटरवरच होती. त्याने ती बाजूला सरकवली, वायरवाल्याला वायर गुंडाळून दिली, मग म्हणाला, "ईद झाल्यावर बघू."

रागाने नाही. रागाने म्हणाला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

म्हणजे आज मी बटणांची माफी मागून आले. मोठ्या आवाजात, सगळ्या रस्त्यापुढे, बटणांची.

राहिलेलं वाक्य कागदावर लिहून पाहिलं. पुरं लिहिलं, त्या दोन शब्दांसकट. सात वेळा मोठ्याने वाचलं. सुलभाताई खिडकीतून, "कुणाशी बोलताय हो?" म्हटलं, कुणाशी नाही, एकाला सांगायचंय ते पाठ करतेय. "काय?" म्हणाल्या. तेही त्यांना सांगितलं, काय बोलले आणि कुणाला. त्यांनी खिडकी लोटून घेतली.

रमजानात दुकान चारला उघडतं.